शेजारच्या बँकेचा धक्का

(पहाटेचं उपकेंद्र. 'खट्ट!' असा ब्रेकरचा आवाज.)

३३ केव्हीची कॅपॅसिटर बँक, म्हणजे व्होल्टेज सावरणारा कॅपॅसिटरांचा संच, लागली. रब्बीत शेतीपंप एकदम सुरू झाले, की व्होल्टेज खाली बसतं आणि ऑपरेटर बँक चार्ज करतो.

रिकामा कॅपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखाच वागतो. आपली बँक १० एमव्हीएआरची (हे रिअॅक्टिव्ह पॉवरचं एकक), म्हणजे नेहमीचा करंट १७५ अँपिअर. बसबारवरचा, म्हणजे सगळं जिला जोडलेलं असतं त्या धातूच्या पट्टीवरचा, फॉल्ट (शॉर्टसर्किटचा) करंट २५ हजार अँपिअर धरू. दोन्हींचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.४१. इनरशचं, म्हणजे बँक लागताना क्षणभर उसळणाऱ्या करंटचं, शिखर आलं साधारण २,९५० अँपिअर. ब्रेकर हे निमूट सोसतो.

(दुसऱ्या बँकेचा ब्रेकर.)

खरी धास्ती हिची. कारण शेजारची बँक आधीच भरलेली आहे आणि मधे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नाही. आहे तो फक्त बसबार. तिचा चार्ज सरळ या रिकाम्या बँकेत धावतो.

(टेप धरून बसबारची लांबी मोजणारे हात.)

हे मोजमाप कंटाळवाणं वाटतं, पण सगळा हिशेब इथेच फिरतो. बसबारच्या दर मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध. बँकांचं स्वतःचं धरून एकूण ४० म्हणू. प्रत्येक बँक फेजला २९ मायक्रोफॅरडची. दोन्ही सिरीजमध्ये आल्या, म्हणून १४.६. कपॅसिटन्स भागिले इंडक्टन्स, त्याचं वर्गमूळ, गुणिले फेज व्होल्टेजचं शिखर. उत्तर १६ हजार अँपिअरच्या वर, तेही ६.६ किलोहर्ट्झला!

आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या) मानकात ब्रेकरसाठी सुचवलेला आकडा २० हजार अँपिअर, ४,२५० हर्ट्झचा. नुसता करंट पाहून 'बसतंय की' म्हणणारे इथेच फसतात. करंट बसला, पण ६.६ किलोहर्ट्झला तो चढतो किती वेगानं? कॉन्टॅक्ट टेकण्याआधीच मधे आर्क पेटतो, धातू वितळतो आणि वितळलेल्या धातूतच कॉन्टॅक्ट मिटतात. कधी चिकटूनही बसतात.

(बँकेपुढची गोल, करड्या रंगाची रिअ‍ॅक्टर कॉइल.)

हिची रिअ‍ॅक्टन्स (एसी करंटला होणारा विरोध) बँकेच्या जेमतेम ०.२ टक्के. दोन्ही बँकांना अशी एकेक कॉइल लावली, की तेच १६ हजार २,७०० वर येतात आणि फ्रिक्वेन्सी १.१ किलोहर्ट्झवर.

अर्थात हा सगळा हिशेब रिकाम्या बँकेचा. नुकत्याच बंद केलेल्या बँकेत चार्ज उरलेला असतो. तो उलट्या दिशेचा निघाला, तर इनरश दुपटीपर्यंत जातो. म्हणून डिस्चार्ज व्हायला वेळ द्यायचा आणि तोवर टायमर ब्रेकर लागूच देत नाही.

(कंट्रोल रूम. फोनवर कुणीतरी घाई करतंय.)

"साहेब, अजून सहा मिनिटं आहेत," ऑपरेटर म्हणतो आणि चहाचा कप जवळ ओढतो.