आधी ऊब, मग दूध

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस लागला की मला एक फोन हमखास येतो. "डॉक्टर, मांजरीनं माळ्यावर पिल्लं घातलीत. त्यातलं एक हलत नाही. काय पाजू?" माणसं वेगळी, गावं वेगळी, पण शेवटचे दोन शब्द तेच असतात. काय पाजू? गाईचं पाजू, शेळीचं पाजू, पाणी घालून पाजू? पोटात काहीतरी गेलं की जीव वाचेल, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे आजाऱ्याला आधी खायला विचारतात, त्यामुळे ते साहजिकही आहे.

मात्र मांजराच्या तान्ह्या पिल्लाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. आधी ऊब, मग दूध. आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आधी ऊब, मग दूध.

कारण सांगतो. जन्मलेलं पिल्लू साधारण 90 ते 110 ग्रॅमचं असतं. पहिल्या आठवड्यात त्याला अंगातली उष्णता स्वतः राखता येत नाही. आपण गारठलो की कुडकुडतो, त्याला कुडकुडताही येत नाही. आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची ऊब, एवढ्यावरच ते जगतं. ते एकदा गार पडलं की त्याचं आतडं चालायचं थांबतं. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात नुसतं साठून राहतं, नाहीतर श्वासनलिकेत शिरतं. म्हणजे आपण मायेनं पाजतो आणि त्यानंच पिल्लू जातं.

मग ओळखायचं कसं? तुमची करंगळी स्वच्छ धुवा, पुसा आणि टोक पिल्लाच्या तोंडात घाला. आतून ऊबदार लागलं आणि ते बोट चोखायला लागलं, तर ठीक. तोंड आतून गार लागलं तर दूध बाजूला ठेवा. काचेच्या बाटलीत गरम पाणी भरा, उकळतं नको. बाटलीला जुन्या सुती साडीच्या दोन-तीन घड्या गुंडाळा आणि पिल्लाच्या शेजारी ठेवा. नको वाटलं तर त्याला लांब सरकता आलं पाहिजे, एवढी जागा सोडा. चुलीजवळ नेऊ नका, केस वाळवायचं यंत्र लावू नका. ऊब हळूहळू अंगात शिरू दे, तास-दोन तास लागले तरी लागू देत. अंग ऊबदार झालं की ग्लुकोजच्या पाण्याचं बोट हिरड्यांवरून फिरवा. मग आईला लावा. आणि मगच दूध.

आईनं टाकलेलं पिल्लू जगत नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. गार पिल्लाला मांजर बाजूला सारते, हे खरं आहे. तेच पिल्लू ऊबदार करून परत तिच्या पोटाशी ठेवलं की पुष्कळदा ती त्याला चाटायला लागते. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू घेत नाही, हेही तसंच. घरातल्या मांजरीला तुमच्या हाताचा वास रोजचा असतो.

आता तुम्हाला एक हकीकत सांगतो. ही मी जिथं संधी मिळेल तिथं सांगतो, आणि मला ती सांगायला फार आवडते.

रत्नागिरी तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव. मी नोकरीत होतो आणि गेलो होतो गाईसाठी, गाईची वार अडकली होती. ते काम उरकलं, हात धुतले, पडवीत चहा आला. पाऊस असा की पलीकडचं घर दिसत नव्हतं आणि वीज सकाळपासून गेलेली. घरातल्या आजी कप ठेवताना म्हणाल्या, "डॉक्टर, जरा आमच्या मनीकडे बघता का? तिची बाळं एकेक करून चाललीत."

पडवीच्या कोपऱ्यात एक हारा, म्हणजे मोठी टोपली, होती. त्यात पेंढा, त्यावर गोणपाट, त्यावर मनी आणि तीन पिल्लं. झाली होती पाच, दोन गेलेली. डोळे नुकते किलकिले झाले होते, म्हणजे दहा-बारा दिवसांची असतील. शेजारणीचं म्हणणं, दृष्ट लागली. मुलाचं म्हणणं, मनीला दूध पुरत नाही, म्हणून तो कापसाच्या वातीनं गाईचं दूध पाजत होता. सहावीतली नात म्हणाली, "काका, ही आधी खूप रडायची. आता रडतच नाहीत."

लहान मुलांचं असं बोलणं नीट ऐकावं. रडणाऱ्या पिल्लापेक्षा गप्प झालेल्या पिल्लाची काळजी जास्त. घरात ते फक्त त्या मुलीच्या लक्षात आलं होतं.

मी मनीची आचळं दाबून पाहिली. दूध होतं. आचळ कुठं तापलेलं नाही, कडक नाही. मग पिल्लांच्या तोंडात बोट घातलं. दोन ऊबदार, तिसरं, सगळ्यांत लहान, ते गार. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्या गुलाबी हव्यात. तिघांच्याही पांढऱ्याफटक. दूध आईकडे आहे, पिल्लं चोखतायत, आणि अंगात रक्त नाही. मग रक्त जातंय कुठं?

एकाच्या पोटावरची लव उलटी फिरवली. कातडीवर काळे बारीक कण दिसले. मुलगा म्हणाला, पेंढ्यातली माती असेल. मी बॅगेतला कापूस ओला केला, ते कण त्यावर झटकले आणि आजींसमोर धरला. बघता बघता प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. आजी चष्मा वर सारून म्हणाल्या, "अगं बाई, हे रक्त की काय?"

"हो आजी. तुमच्या पिल्लांचंच. पिसवांनी प्यायलेलं."

माती ओल्या कापसावर मातीच राहते, पिसवांची विष्ठा तांबूस उतरते. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते आणि तिला पैसा पडत नाही. पिसू केवढीशी, पण शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवात रक्त तरी किती असणार? त्यावर पाच-पन्नास पिसवा दिवसरात्र बसल्या तर चार दिवसांत ते रिकामं होतं.

मुलगा लगेच उठला. "गोचिडांचं औषध आहे ना घरात, गुरांचं. तेच पुसतो." मी त्याचा हात धरला. श्रोतेहो, हे नीट ऐका. गुरांचं किंवा कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातली बरीचशी औषधं मांजराच्या शरीराला निकामी करता येत नाहीत, मोठी मांजरंसुद्धा झटके येऊन मरतात. तान्ह्या पिल्लाला तर कुठलंच औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय नको. पुन्हा सांगतो, गुरांचं औषध मांजराला नको.

"मग करायचं काय?" मुलानं विचारलं. मी म्हटलं, विंचरून काढायच्या. बारीक दातांचं काही आहे का घरात?

आजी काही न बोलता आत गेल्या आणि फणी घेऊन आल्या. लाकडी, दोन्ही बाजूंनी दात असलेली, वापरून वापरून काळी तुकतुकीत झालेली. चार मुली आणि त्यांची मुलं, सगळ्यांची डोकी त्या फणीखालून गेली होती. आजींनी मांडी घातली, मांडीवर जुनं लुगडं पसरलं, शेजारी साबणाच्या पाण्याचं वाडगं घेतलं. पिल्लू हातात घेतलं आणि पहिल्या फटक्यातच त्यांनी ओळखलं, "या तोंडाकडे पळतायत." मग साबणाचं बोट त्यांनी पिल्लाच्या मानेभोवती गोल फिरवलं. पळायची वाटच बंद. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. पशुवैद्यही हेच सांगतात, पण त्या बाईंना ते हातानं कळलं. डाव्या अंगठ्यानं लव ताणायची, फणी मुळाशी टेकवायची, शेपटीकडे ओढायची, वाडग्यात बुडवून झटकायची. सवयीनं त्या पिसू अंगठ्याच्या नखांवर धरायला गेल्या. मी म्हटलं, आजी, तिथं नको, पाण्यात. वाडग्यातलं पाणी तांबडं होत गेलं.

तशा लाकडी फण्या आता जत्रेत शोधूनही सापडत नाहीत. प्लास्टिकच्या फणीचे दात वाकतात, त्यातून पिसूही निसटते आणि ऊही. फण्या करणारे कारागीर गेले आणि आपण त्यांच्याकडे पाहिलंही नाही, याची मला खंत वाटते. असो.

तोवर तिसरं, गार पडलेलं पिल्लू नातीच्या ताब्यात होतं. कोकम सरबताच्या बाटलीत गरम पाणी, बाटलीला आजीचं लुगडं, आणि शेजारी पिल्लू. दर थोड्या वेळानं ती करंगळी घालून बघायची. घरचे म्हणत होते, तिला आत पाठवा, पिल्लू डोळ्यांदेखत गेलं तर घाबरेल. मी पाठवू दिलं नाही. मुलांना आजारी जिवाजवळ बसू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. जीव जपायला ती तिथंच शिकतात. बऱ्याच वेळानं ती ओरडली, "चोखलंन! काका, बोट चोखलंन!" मग त्याला हलक्या हातानं विंचरलं, कोरडं केलं आणि मनीच्या पोटाशी लावलं.

त्या घरात मेतकुटाची पाकिटं भरायचं काम चालायचं, म्हणून छोटा काटा होता. नातीनं तिन्ही पिल्लांची वजनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. सर्वांत लहान 120 ग्रॅम. त्या वयाला 200 च्या आसपास हवं होतं. मी तिला सांगितलं, रोज एकाच वेळेला वजन कर. रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं, किंवा घटलं, तर मला फोन कर. पोट फुगलेलं दिसतं, पिल्लू झोपलेलं दिसतं, डोळे फसवतात. काटा फसवत नाही.

पेंढा जाळला. गोणपाट उकळून काढलं. हारा उन्हाअभावी चुलीच्या धगीवर तापवला. कारण पिसवांची अंडी जनावराच्या अंगावर राहत नाहीत, अंथरुणात गळतात आणि तिथंच वाढतात. मनीनं आधी गोठ्याच्या माळ्यावरून माजघरात, तिथून पडवीत अशी पिल्लं हलवली होती. घरचे म्हणत, मांजर सात घरं फिरवतेच. फिरवते, पण उगीच नाही. मांजर सारखी पिल्लं हलवत असेल तर तिचं अंथरूण तपासा. पिसवा असतात, मुंग्या असतात, ओल असते, नाहीतर माणसांची वर्दळ असते.

त्या रात्री एक पिल्लू गेलं. सर्वांत लहान नव्हे, मधलं, जे सगळ्यांत धडधाकट वाटत होतं. अंगातलं रक्त फार आटलेलं असलं की ऊब आणि दूधही पुरत नाही. तालुक्याला त्या पावसात नेता आलं असतं तर उपाय होते, रस्ता बंद होता. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा नातीनं आधी ते सांगितलं. मग म्हणाली, "पण छोटीचं वजन आठ ग्रॅम वाढलंय. 128." आजींनी पुढे रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मनीला आणि दोन्ही पिल्लांना विंचरलं. दोन्ही जगली. छोटी पुढे त्याच घरात राहिली.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो.

आई नसेल किंवा तिला दूध नसेल, तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच आणा. गाईच्या दुधात पिल्लाच्या मानानं प्रथिनं आणि स्निग्धांश कमी आणि दुग्धशर्करा जास्त, त्यानं हगवण लागते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथं धरून पाजायचं, ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. नाकातून दूध आलं की थांबायचं. पाजून झालं की कोमट पाण्यातल्या कापसानं खालची जागा हळू चोळायची, कारण आईनं चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

डोळे चिकटलेले असतील, पापणीखाली पू साठून फुगवटा दिसत असेल, तर कोमट पाण्यानं भिजवून पुसा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. उशीर झाला तर डोळा जातो.

मांजरीकडेही बघा. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं, पाणी हाताशी लागतं. उकडलेली कोंबडी, मासळी चालेल. आमटी-रश्श्यातलं नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. आचळ तापून कडक झालं, घाण वासाचा स्राव येतो, किंवा ती थरथरते, पाय ताठ टाकते, धापा टाकते, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. थरथर म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरलंय, ते काही तासांत जिवावर बेततं. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळी मांजराला पुरते. आणि त्या खोलीत फिनाईल नको, डांबराच्या गोळ्या नकोत.

मुंबईकर श्रोत्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेल. आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात, 1886 सालचं. नावातच बैल आणि घोडा, शहर तेव्हा त्यांच्यावर चालायचं. मी शिकलो तेव्हाही मांजर आमच्या अभ्यासात कोपऱ्यातच होती. आता तसं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही तुमच्या मांजराला बघतील, संकोच करू नका.

शेवटी, पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा माजावर येते आणि 63 ते 65 दिवसांत दुसरी वीण हजर होते. मग जास्तीची पिल्लं पिशवीत घालून मासळी बाजारात सोडतात. ते करू नका. नसबंदी होईपर्यंत बोक्यापासून लांब, तिला घरात ठेवा. पिल्लांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत असते. तेव्हा मांजरीलाही टोपलीत घालून आणा, म्हणजे त्याच फेरीत तिच्या नसबंदीची तारीख ठरवता येते.

नमस्कार.