टपालातली बरोबरी

नमस्कार श्रोतेहो! पोस्टकार्डावर पत्ता, तारीख आणि मजकुराच्या जागी फक्त चार आकडे: चार, दोन, चार, चार. आमच्या पोस्टमनदादांनी एकदा कार्ड हातात देताना हळूच विचारलं, "मटका लावता की काय?"

मटका नव्हे, टपालाने खेळायचं बुद्धिबळ. पटाच्या उभ्या पट्ट्यांना एक ते आठ क्रमांक, आडव्यांनाही तेच. मोहरा उचलला त्या घराचे दोन आकडे, ठेवला त्या घराचे दोन. ४२४४ म्हणजे पांढऱ्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. समोरचा रशियन असला तरी कार्ड वाचता येतं.

राजाची प्यादी समोरासमोर आली, दोन्हीकडून एकेक घोडा निघाला, की तिसरी खेळी हीच ४२४४. हिचं नाव 'स्कॉच'. १८२४ ते १८२८ अशी चार वर्षं स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा आणि लंडनचा असे दोन क्लब टपालाने पाच डाव खेळले. टपाल घोडागाडीने जायचं. एकदा लंडनने पाठवलेली खेळी परत मागितली. एडिनबरा कसलं देतंय! दोन डाव एडिनबराने जिंकले, एक लंडनने, दोन बरोबरीत सुटले. गंमत म्हणजे ही सुरुवात आधी लंडननेच खेळली होती, पण नाव झालं स्कॉटलंडचं.

पुढे ही सुरुवात मागे पडली. मधली प्यादी लगेच मारामारी करून मोकळी होतात, काळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते, असा आक्षेप. १९९० साली कास्पारोव्हने कार्पोवविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यात ती पुन्हा काढली. चौदावा डाव बरोबरीत गेला, सोळावा त्याने १०२ खेळींत जिंकला. मला विचाराल तर चौदावाही तितकाच बघण्यासारखा आहे, पण बरोबरीचे डाव कोण लक्षात ठेवतो?

मी एक ठेवलाय, कारण त्यात मी काळ्या मोहऱ्यांनी जेमतेम वाचलो. शेवटी समोरच्या गुरुजींकडे एक उंट आणि अगदी काठावरचं एक प्यादं उरलं, माझ्याकडे नुसता राजा. पण प्याद्याचा वजीर होणार ते कोपऱ्यातलं घर काळं, आणि त्यांचा उंट पांढऱ्या घरांचा. माझा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला तिथून हुसकणार कोण? सहा कार्डं मी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिलो.

सातव्या कार्डावर आकडे नव्हते. गुरुजींनी लिहिलं होतं: "बरोबरी. आता पांढरी तुमची."