गव्हाणीभोवती जमलेले गाव

नाताळच्या देखाव्यात आज आपण जे पाहतो, त्यातले बरेचसे बायबलमधील येशूच्या जन्मकथेत नाही. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्रात, एवढाच उल्लेख आहे की, उतारशाळेत जागा नसल्यामुळे मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले. मेंढपाळही लूकच्याच कथेतले. पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्ञानी पुरुष, मात्र मत्तयच्या शुभवर्तमानात येतात. ते राजे होते किंवा तीन होते असे तेथे म्हटलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून त्या आणणारेही तीन, असा हिशेब पुढच्या पिढ्यांनी मांडला.

बैल आणि गाढव यांची वाट तर आणखी आडवळणाची आहे. बैल आपला धनी ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, माझ्या लोकांना मात्र उमज नाही, अशी तक्रार यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात आहे. ख्रिस्तजन्माच्या कितीतरी आधीचे हे वचन आद्य ख्रिस्ती भाष्यकारांनी बेथलेहेमच्या गव्हाणीशी जोडले आणि ही दोन जनावरे चित्रांत शिरली. मिलानच्या संत अँब्रोज चर्चमधील चौथ्या शतकाच्या एका संगमरवरी शवपेटीवरील जन्मदृश्यात गुंडाळलेले बाळ, बैल आणि गाढव कोरलेले आहेत. मरिया आणि योसेफ तेथे नाहीत. माणसांच्या आधी जनावरांना जागा मिळाली, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलोभनीय वळण वाटते.

कोरीव आणि रंगवलेल्या चित्रांतून हा प्रसंग उतरवून लोकांच्या पुढ्यात उभा करण्याचे श्रेय परंपरा संत फ्रान्सिस असिसीकर यांना देते. मध्य इटलीतील रिएती खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत ग्रेच्चो नावाचे लहानसे गाव आहे. 1223 सालच्या नाताळपूर्वी सुमारे पंधरा दिवस फ्रान्सिस यांनी तेथील जोव्हान्नी नावाच्या सरदाराला निरोप धाडला: बेथलेहेमच्या बाळाचे हाल मला या डोळ्यांनी पाहायचे आहेत, तेव्हा गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांची तयारी कर. त्या रात्री आसपासचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले, गव्हाणीपाशी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, झाली आणि फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन ऐकवले. हे वर्णन थोमास चेलानोकर यांनी फ्रान्सिस यांच्या पहिल्या चरित्रात केले आहे. ते घटनेनंतर अवघ्या पाच-सहा वर्षांत लिहिले गेल्यामुळे त्याला विशेष मोल आहे. त्यात बाळाच्या मूर्तीचा उल्लेख नाही आणि मरिया-योसेफांचे सोंग घेतलेले कोणी नाही. गव्हाण रिकामीच होती. जमलेल्यांपैकी एका भाविकाला तिच्यात निजलेले बाळ दिसले, असे चरित्रकार सांगतो.

रिकाम्या गव्हाणीभोवती पुढच्या शतकांनी गर्दी केली. रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरासाठी शिल्पकार आर्नोल्फो दी कांबिओ यांनी 1291 च्या सुमारास संगमरवरी मूर्ती घडवल्या. नेपल्समध्ये तर अठराव्या शतकात, बूर्बों घराण्याचा राजा चार्ल्स याच्या आश्रयाने, या कलेला असा बहर आला की, मातीचे मुखवटे, काचेचे डोळे, तारेवर ताग गुंडाळून केलेली अंगे आणि खऱ्या रेशमाचे कपडे ल्यालेल्या बाहुल्यांचे आख्खे शहरच गव्हाणीशेजारी वसले. त्यात मासळीवाले आहेत, खानावळी आहेत, भिकारी आहेत. या गजबजाटात बाळ शोधावे लागते, आणि त्याबद्दल नेपल्सकरांची मुळीच तक्रार नसते. फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात राज्यक्रांतीच्या काळात चर्चे बंद झाली, तेव्हा हा देखावा घराघरांत गेला. मार्सेयच्या कारागिरांनी मातीच्या चिमुकल्या, स्वस्त मूर्ती साच्यातून काढल्या. त्यांत गावचा पिठगिरणीवाला आहे, कोळीण आहे आणि मोळी घेतलेली म्हातारीही आहे. याच प्रांतात 4 डिसेंबरला, संत बार्बरेच्या दिवशी, बशीत गहू पेरतात आणि त्याचे हिरवे कोंब नाताळला गव्हाणीजवळ ठेवतात.

आपल्या किनाऱ्यावर ही प्रथा पोर्तुगीज काळात आली. फ्रान्सिस यांनीच स्थापन केलेल्या संन्याशांच्या संघाचे धर्मगुरू 1517 मध्ये गोव्यात पोहोचले होते. गोव्यात गव्हाणीपुढच्या कुरणासाठी काही दिवस आधी नाचणी पेरण्याची रीत आहे. प्रोव्हान्सच्या गव्हाशी तिचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण धान्याचे कोंब देवापुढे मांडणे आपल्याकडे घटस्थापनेतही आहेच, तेव्हा हा धागा कोणत्या टोकाने आला हे ठामपणे सांगण्याची घाई नको. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांमध्ये याला नाताळ गोठा म्हणतात. तेथे गोठ्यांच्या स्पर्धा भरतात आणि बेथलेहेमच्या शेजारी विहीर, बैलगाडी, भातशेती व कौलारू घरे उभी राहतात.

बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली जाते ती 24 डिसेंबरच्या मध्यरात्री. काही घरांत तीन राजांना मुद्दाम लांब उभे करून रोज थोडे थोडे पुढे सरकवतात, कारण त्यांचा सण 6 जानेवारीला येतो. त्या दिवशी गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावली-कुएली येथे मुकुट घातलेली गावातलीच तीन मुले राजे होऊन घोड्यांवरून चर्चकडे निघतात.