पुठ्ठ्याच्या बॉक्सला ताकद कुठून येते?

वाशीचं एपीएमसी फळ मार्केट. आंब्याच्या सीझनमध्ये इथे बॉक्सची थप्पी लागते, वरचा सगळा भार सगळ्यात खालच्या बॉक्सवर, त्यात हवा दमट, आणि तो बॉक्स बहुतेक वेळा रद्दीतूनच बनलेला असतो.

आता हा जुना पुठ्ठा फाडतोय, कडेला नीट बघा. बारीक लव दिसते ना, ते फायबर, म्हणजे लाकडाचे तंतू. पाइनच्या लगद्यात ते साधारण 3 मिमी लांब असतात, निलगिरीच्या लगद्यात 1 मिमीपेक्षाही कमी. ओले असताना हे तंतू फुगतात, मऊ पडतात, एकमेकांना बिलगतात आणि वाळताना त्यांच्यात हायड्रोजन बॉन्ड, म्हणजे तंतूंना एकमेकांशी जोडणारे बंध, तयार होतात. कागदाची ताकद मुख्यतः हीच, गोंद-बिंद नंतर.

पण एकदा वाळलं की तंतूच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात आणि त्यातली बरीचशी परत उघडतच नाहीत, म्हणून तोच कागद पुन्हा पल्परमध्ये, म्हणजे पाण्यात कागदाचा लगदा करणाऱ्या यंत्रात, टाकला तरी तंतू पूर्वीसारखा फुगत नाही, ताठच राहतो आणि शेजारच्याला धड चिकटत नाही. दर फेरीत थोडा तुटतोही. मग रिफायनरमध्ये, म्हणजे तंतू घोटणाऱ्या यंत्रात, जास्त घोटायचा? घोटला की चिकटतो, खरंय, पण चुराही वाढतो, कागद बनतो त्या जाळीवरून पाणी निथळायला वेळ लागतो आणि मशीन हळू चालवावी लागते.

म्हणून मिलवाले त्यात लांब तंतूचा कोरा, म्हणजे थेट लाकडापासून केलेला, लगदा मिसळतात. शक्यतो दोन्ही वेगवेगळे घोटून मगच एकत्र करायचे, कारण नव्या तंतूला जेवढी घोटाई लागते तेवढी दिली तर रद्दीच्या तंतूचा भुगाच होईल. लांब तंतू जाळ्यासारखा आडवातिडवा पसरतो आणि छोट्यांना धरून ठेवतो, त्यामुळे कागद फाटायला जड जातो. बर्स्ट फॅक्टरही, म्हणजे दाब दिल्यावर फुटेपर्यंत कागद किती तग धरतो त्याचं माप, वाढतो, बॉक्सवाले ज्याला नुसतं बीएफ म्हणतात तो.

सगळाच कागद कोऱ्या लगद्याचा करावा हे मात्र मला अजिबात पटत नाही. अंड्याच्या ट्रेला रद्दी पुरते, झाड कशाला तोडायचं! परदेशातून येणारे जुने कार्टनही मिल घेतात ते याचसाठी, त्यात लांब तंतू जास्त शिल्लक असतो. आपल्या नवी मुंबईतल्या सोसायट्यांमधूनही चांगला पुठ्ठा निघतो, फक्त तो ओल्या कचऱ्यात गेला, तेलकट झाला की मिलच्या कामाचा राहत नाही.