पहिल्या शुक्रवारची वही

(पहाट. विहिरीवरचा एकच दिवा. पाणी ओतल्याचा आवाज.)

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ आणि भुईगावच्या मधल्या एका आळीत, पहाटे पाच वाजता एक बाई पांढरी कापडं धुते आहे. नव्वदीला टेकलेली बाई. समोर पितळेचं एक घमेलं, बाजूला पाण्याची बादली.

कापडं लहान आहेत, मोठ्या हातरुमालाएवढी. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. तिच्या वेळी वेदीवर, ख्रिस्तप्रसादाखाली, म्हणजे आशीर्वादित भाकरीखाली, अंथरतात ती ही कापडं. चर्चमध्ये त्यांना कॉर्पोरल म्हणतात. प्रसादाचा एखादा कण त्यांच्यावर राहिलेला असू शकतो. म्हणून त्यांचं पहिलं पाणी मोरीत जात नाही, मातीला द्यायचं असतं. बघा, घमेलं उचलून त्या सोनचाफ्याच्या बुंध्याशी जातात, वाकतात, आणि पाणी धार धरून सावकाश ओततात. साबण लागतो तो दुसऱ्या पाण्याला.

(हातांवर कॅमेरा. इस्त्री. घडी.)

दुपारी भाताच्या पेजेची खळ, मग इस्त्री, मग घडी. आधी आडवे तीन भाग, मग उभे तीन. नऊ चौकोन उमटतात. प्रत्येक घडी आत वळलेली, म्हणजे उद्या वेदीवर कापड उलगडेल तेव्हा आतलं काही बाहेर सांडणार नाही. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या ही घडी घालत आल्या आहेत. बोटं आता वाकडी झालीत, घडी मात्र सरळ येते.

नाव सांगायचं नाही, ही त्यांची अट. गाव त्यांना मावशी म्हणतं, आणि मीही मावशी म्हणतच मोठा झालो. माझी आजी शेवटचं दीड वर्ष खाटेवर होती. महिन्यातून एकदा आमच्या ओटीवर मावशींच्या चपला दिसायच्या, आणि त्या दिवशी आजी सकाळपासून केस विंचरून बसलेली असायची. तेव्हा हे निवेदन मी त्रयस्थपणे करू शकणार नाही.

(वसईचा किल्ला. पडक्या चर्चच्या कमानी. वड-पिंपळाची मुळं.)

हा पट्टा जुना. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्याच शतकात इथल्या कितीतरी कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. किल्ल्यातल्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला ज्या घंटा दाखवतात, त्या वसईच्याच म्हणून ओळखल्या जातात. घंटा गेल्या, माणसं इथंच राहिली, केळी लावत आणि रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणत. जुनी माणसं अजून चर्चला देऊळच म्हणतात. मावशीही म्हणतात, ‘देवळात जाऊन येते.’

(केळीची वाडी. मग बावखल. हिरवट, स्थिर पाणी.)

हे बावखल. वसईबाहेरच्या माणसाला हा शब्द बहुधा ठाऊक नसतो. वाडीच्या सखल कोपऱ्यात खोदलेलं हे तळं. खोदताना निघालेली माती घराच्या जोत्याला, खड्ड्यात पावसाचं पाणी. ते हळूहळू जमिनीत मुरतं, विहिरींना गोडं पाणी देतं आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकू देत नाही. मावशी लहान होत्या तेव्हा बैल रहाट ओढायचे, आणि दांडाने पाणी केळीच्या आळ्यांत जायचं. दांड फुटला की बांधायला लहान मुलं. ते काम मावशींकडे होतं. केळी, पानवेल, भाजी. टोपल्या डोक्यावर घेऊन वसई रोड स्टेशन, तिथून गाडीने मुंबईचा बाजार. शाळा चौथीपर्यंत झाली आणि मग टोपलीच झाली.

लग्न, तीन मुलं, नवऱ्याचं लवकर जाणं. यावर त्या फार बोलत नाहीत, म्हणून आम्हीही फार विचारलं नाही.

(चर्चमधला वाचनाचा उंचवटा. रिकामा.)

मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये व्हायची. फादरांचं तोंड वेदीकडे, पाठ लोकांकडे. मावशींना सगळी उत्तरं पाठ होती आणि एकाचाही अर्थ ठाऊक नव्हता. रोममध्ये १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, भरली. तिने डिसेंबर १९६३ मध्येच उपासनेसाठी लोकांच्या भाषेचं दार उघडलं, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या गावात मिस्सा मराठीत सुरू झाली. त्या पहिल्या मराठी मिस्सेबद्दल विचारलं, तर मावशी डोळे मिटून म्हणाल्या, ‘इतकी वर्षं जे म्हणत होते, ते त्या दिवशी ऐकलं.’

पुढे एका रविवारच्या मिस्सेत बायबलचं वाचन करायला कोणी मिळत नव्हतं. फादरांनी मावशींना सांगितलं. आधीचा आठवडाभर त्या तो उतारा विहिरीवर, चुलीपुढे, गजरे ओवताना मोठ्याने वाचत होत्या. चौथी शिकलेल्या बाईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा माईकमधून गावाने ऐकला.

आणि मग ती ख्रिस्तप्रसादाची डबी.

(तळहातावर गोल, सोनेरी मुलाम्याची छोटी डबी.)

आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद न्यायचा तो फादरांनीच, अशी पूर्वापार रीत. १९७३ मध्ये रोमने सामान्य माणसांनाही, बायकांनाही, ही सेवा करण्याची परवानगी दिली. आमच्या गावात एका बाईच्या हातात ही डबी यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. महिन्याचा पहिला शुक्रवार हा आजाऱ्यांचा दिवस. सुरुवातीला एका म्हाताऱ्या काकांनी तोंड फिरवलं, फादरांच्या हातूनच घेईन म्हणाले. मावशींनी वाद घातला नाही. खाटेजवळ बसून त्यांच्याबरोबर प्रार्थना केली आणि डबी तशीच परत नेली. असे चार शुक्रवार गेले. पाचव्या शुक्रवारी काकांनी विचारलं, ‘उशीर का केलास?’

या शुक्रवारांसाठी मावशींनी एक वही केली. शंभर पानी, साधी. ती वही आम्हाला दाखवायला त्या तयार झाल्या, नावांवर हात ठेवून.

(वहीची पानं. नावांवर वाकडी बोटं.)

वाचा. ‘डाव्या कानाने ऐकतो, त्या बाजूला बसावे.’ ‘गिळता येत नाही, बारीक तुकडा, चमचाभर पाण्यातून.’ ‘सून कामावर, किल्ली पलीकडच्या घरी.’ ‘लेकाचं पत्र आलं का, विचारू नये.’ आणि एका नावापुढे फक्त, ‘बोलत नाही. हात धरून ठेवावा.’

गावात कोण खाटेवर आहे हे सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. त्याला कोणत्या बाजूने उठवायचं, हे या वहीला ठाऊक होतं.

(पावसाचा आवाज. पडदा काळा.)

जुलै २०१८. पावसाने वसईला कोंडून टाकलं. लोकल बंद, वीज बंद, एकेक करून फोनही बंद. पहिला शुक्रवार सहा तारखेला होऊन गेला होता, त्यामुळे वही ताजी होती. नऊ तारखेनंतर पाणी घरांत शिरू लागलं तेव्हा आळीतली पोरं मदतीला निघाली, पण आधी कुठं जायचं हा प्रश्न होता. मावशींनी वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्या हातात दिली. तळमजल्यावर कोण, कोण चालत नाही, कोणाचं औषध रोजचं, किल्ली कोणाकडे, सगळं त्यात होतं. पोरं त्या क्रमाने गेली. केळीच्या खांबांचे तराफे बांधले, खुर्च्यांवर बसवून म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर नेली. अंधारात एक मुलगा एका आजोबांना हाक मारत राहिला. मग त्याला वहीतली ओळ आठवली आणि तो डाव्या बाजूला गेला.

पाणी दिवसेंदिवस ओसरेना. का ओसरेना, हे मावशींना विचारा. त्या बोट दाखवतात त्या जागी आज पत्र्याचं कुंपण आहे.

तिथं बावखल होतं. काही वर्षांपूर्वी भरावाचे डंपर आले तेव्हा मावशी आळीतल्या बायकांना घेऊन काठावर रोझरी म्हणत बसल्या. दोन दिवस डंपर थांबले. तिसऱ्या रात्री माल पडला आणि सकाळी अर्धं बावखल नाहीसं झालं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. सगळ्या चित्रीकरणात हा एकदाच चढला. वसईत हिरव्या पट्ट्यासाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून लोक लढले, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखे धर्मगुरू त्यात पुढे होते. त्या मोर्च्यांतून घरी आलेल्या बायकांनी आपापल्या आळीत जे सांभाळलं, ते मात्र कुठं लिहिलेलं नाही. राहिलेलं अर्धं बावखल अजून आहे. त्यात कमळं नाहीत, पण खंड्या येतो, आणि आजूबाजूच्या चार विहिरींचं पाणी मे महिन्यातही गोडं असतं.

(आजचा दिवस. मावशींची ओटी.)

गेल्या पावसाळ्यात मावशी विहिरीवरून घरात येताना पडल्या. हाड मोडलं नाही, पण आळी ओलांडून जाणं संपलं. डबी आता शेजारच्या एका नर्स मुलीकडे आहे. रात्रपाळी करून ती सकाळी येते, आंघोळ करते आणि निघते. वहीही तिच्याकडेच. देण्याआधी मावशींनी शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने आणखी एक नाव लिहिलं, आणि पुढे दोन ओळी.

(वही. नाव बोटाने झाकलेलं. खालच्या ओळी स्पष्ट.)

‘उठून बसते. घाई करू नये.

कापड मला आणून द्यावे, मी धुते.’

(पहिला शुक्रवार. ओटीवर एका मुलीच्या चपला. मावशींनी केस विंचरलेले आहेत. आतून दारापर्यंत येणारा आवाज: ‘ये गं, ये.’)