बोलीच्या आधी भाव

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचे सौदे]

व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड कटकन मोडतो, आतला केशरी रंग उजेडात धरतो. बोली चढायला लागते.

आता पडद्याच्या खालच्या कडेला बघा. आरोळी अजून कुणाच्या तोंडातून निघालेली नाही, आणि सबटायटल भाव सांगून मोकळं!

[दृश्य: विश्रामबाग, एडिटिंगची खोली]

ही घाई झाली ती या खोलीत. लग्नसराईत इथं लग्नांचे व्हिडिओ होतात, एरवी अशी एखादी फिल्म. मॉनिटरच्या कोपऱ्यात आकडे पळतायत: तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम (फ्रेम म्हणजे एक चित्र). हा टाइमकोड, प्रत्येक चित्राचा घर नंबर.

आपल्याकडं टीव्हीचा हिशोब सेकंदाला २५ चित्रांचा, विजेच्या ५० हर्ट्झशी जुळवून घेतलेला. त्यात काही भानगड नाही. २५ मोजली की सेकंद झाला.

भानगड अमेरिकेच्या हिशोबात आहे. तिथं कृष्णधवल टीव्हीला ३० चित्रं होती. १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाच्या सिग्नलनं आवाजाला अडथळा करू नये म्हणून वेग किंचित उतरवला: २९.९७. मोजणी मात्र ३० चीच राहिली. त्यामुळं तासाभरात आकडे घड्याळाच्या ३.६ सेकंद मागं पडतात. यावर तोड काढली ती ड्रॉप-फ्रेमची. दर मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळायचे, दर दहाव्या मिनिटाला मात्र ठेवायचे. तासाला १०८ नंबर गाळले की आकडे घड्याळाला येऊन मिळतात.

"दादा, म्हणजे चित्रं कापली जातात?" शिकाऊ पोरगा एडिटर दादाला विचारतो.

"चित्र कुठं जातंय? पावतीपुस्तकातले दोन नंबर सुटले म्हणून पैसे कमी होतात व्हय?"

[दृश्य: मॉनिटर, अगदी जवळून]

सेकंद आणि फ्रेमच्या मध्ये काय दिसतंय? कोलन (:) असला तर सरळ मोजणी, सेमीकोलन (;) असला तर ड्रॉप-फ्रेम. एवढंसं शेपूट. शाळेत विरामचिन्हांचा मार्क आपण सगळ्यांनीच सोडून दिलेला असतो!

परदेशी वाहिनीला २९.९७ ची ड्रॉप-फ्रेम कॉपी हवी होती. सबटायटल करणाऱ्या ताईंना गेलेल्या कॉपीवर आकडे छापलेले होते, पण कोलनवाले. ताईंनी तीच वेळ धरून मजकूर बसवला. ५० मिनिटांची फिल्म, कोलनचे आकडे घड्याळाच्या मागं, म्हणून शेवटच्या सौद्यापर्यंत मजकूर ३ सेकंद आधी. कॉपी परत आली, बिल अडकलं.

[दृश्य: की-बोर्डवरचे हात]

आता नवा प्रोजेक्ट. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा क्लिप आत घेतल्या की प्रोजेक्टचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, बदलता येत नाही, म्हणून २९.९७ आधी. मग ड्रॉप-फ्रेमची खूण. मग सुरुवातीचा आकडा: हे सॉफ्टवेअर आपणहून एक तासाच्या आकड्यापासून (०१:००:००:००) मोजायला लागतं आणि सबटायटलची फाइल शून्यापासून. जुळवलं नाही तर पहिलं वाक्यच एक तासानं चुकतं. हे सगळं वाहिनीकडून आधीच लिहून घ्यायचं असतं, फोनवर "हो हो, चालेल" नाही.

दादा शेवटच्या सौद्यावर जातो. बोटानं आकडे दाखवत पोराला वाचायला लावतो. पोरगा सेमीकोलनपाशी थांबतो आणि मान हलवतो.

एक्सपोर्टची पट्टी निम्म्यावर आहे, आणि इन्व्हर्टर बीप द्यायला लागलाय.