इंग्लिशचं प्रॅक्टिकल

[दृश्य: घड्या पडलेला कागद, अगदी जवळून]

हा कागद बघा. शेतात मारायच्या औषधाच्या बॉक्समधनं निघतो तो, दोन्ही बाजूनं गच्च छापलेला, अक्षर इतकं बारीक की आमच्या कॅमेऱ्याला पण फोकस पकडायला वेळ लागला. बहुतेकदा बाटली उघडली की हा कागद बांधावरच पडतो. इथं मात्र तो कॉलेजच्या बाकावर आलाय, पहिल्या वर्षाच्या इंग्लिशच्या तासाला, आणि मॅडमनी पोरांना फक्त दोन मिनिटं दिलीत. अख्खा वाचायचा नाही. एकराला औषध किती, पाणी किती आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, एवढंच शोधून काढायचं.

बोटं कशी फिरतायत बघा. मागच्या बाकावरची ही पोरगी पहिल्या ओळीपासनं सुरू झाली, प्रत्येक शब्दाखाली बोट, शाळेत लावलेली सवय. शेजारच्या पोरीनं काही न बोलता तिचा हात उचलला आणि सरळ आकड्यांच्या तक्त्यावर नेऊन ठेवला.

ह्याला स्कॅनिंग म्हणतात, म्हणजे सगळं न वाचता हवं तेवढंच हुडकणं. आणि त्याच्या आधी नुसत्या हेडिंगवरनं नजर फिरवून कागद कशाबद्दल आहे ते ओळखणं म्हणजे स्किमिंग. नोट्समध्ये दोन्हीच्या व्याख्या असतात, पोरं त्या पाठ पण करतात, पण व्याख्या पाठ केल्यानं नजर पळायला शिकत नाही, त्याला असा कागद हातात यावा लागतो.

मग मॅडमनी बाटलीवरच्या त्या तिरक्या चौकोनाचं विचारलं, ज्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. इंग्लिशच्या तासाला कधीच हात वर न करणारा हा पोरगा सगळ्यात आधी बोलला. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. घरी फवारणी तोच करतो. रंग माहीत होते म्हणून त्याच्या शेजारी छापलेले इंग्लिश शब्द पण त्याला आपोआप लागले, डिक्शनरी न उघडता. त्याचा चेहरा तुम्हीच बघा.

[दृश्य: सकाळ, दसरा चौक, बोर्डिंगच्या इमारती]

गावाकडच्या पोरानं कोल्हापूरला येऊन शिकायचं ही काही आजची गोष्ट नाही. दसरा चौकात उभं राहिलं की आजूबाजूला बोर्डिंगच दिसतात. शाहू महाराजांनी 1901 ला मराठा बोर्डिंगपासनं सुरुवात केली आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं त्यांच्या आधारानं उभी राहत गेली, कारण शाळा असून उपयोग नव्हता, खेड्यातल्या पोराला शहरात राहायला आणि खायला जागा पाहिजे होती. पुढं 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम. राजाराम कॉलेज त्याच्याही आधीचं, 1880 चं. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 चं. म्हणजे वाचायची सोय ह्या गावात पावणेदोनशे वर्षांची आहे. 18 नोव्हेंबर 1962 ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची खेडीच्या खेडी डिग्रीपर्यंत पोचली. आता बोर्डिंगपेक्षा एसटीचा पास चालतो, पन्हाळा, राधानगरी, कागल, गडहिंग्लज, सकाळच्या गाड्या भरून येतात.

ह्या पोरांना इंग्लिश नवीन नाही. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये 2000 सालापासनं पहिलीपासून इंग्लिश आहे, म्हणजे कॉलेजात येईपर्यंत बारा वर्षं इंग्लिश झालेलं असतं. बारा वर्षांत निबंध किती लिहिले असतील, पण स्वतःच्या मनानं स्वतःच्या वाक्यात एक परिच्छेद लिहिलाय असं विचारलं की वर्ग गप्प होतो. निबंध गाइडमधला, पत्र गाइडमधलं, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातलीच ओळ उचलून. पोरं आळशी आहेत म्हणून नाही हं. मार्क त्यालाच मिळत होते.

आणि इंग्लिश मातृभाषा असलेल्यांना हे आपोआप येतं असंही काही नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं 1874 ला प्रवेश परीक्षेत स्वतः निबंध लिहायला लावला, आणि चांगल्या घरातल्या, चांगल्या शाळेतल्या पोरांचं लिखाण बघून तिथले प्राध्यापक हबकले. शेवटी 1885 ला पहिल्या वर्षालाच लिहायला शिकवायचा कोर्स आला आणि हळूहळू सगळ्या अमेरिकेत पसरला. वाचायचं पण तसंच, अमेरिकेतल्याच ओहायोच्या फ्रान्सिस रॉबिन्सन ह्यांनी 1946 ला कॉलेजच्या मुलांसाठी पाच पायऱ्या मांडल्या: आधी चाळा, प्रश्न पाडा, वाचा, पुस्तक मिटून सांगा, परत बघा. त्याच पायऱ्या ह्या वर्गाच्या भिंतीवर स्केचपेननं लिहून चिकटवल्यात, त्या दिसतायत. ज्यांची ती भाषा आहे त्यांना जर कॉलेजात बसवून शिकवावं लागतं, तर आमच्या पोरांना ‘एवढं पण येत नाही का’ कोणत्या तोंडानं म्हणायचं?

[दृश्य: वही, पेन, लिहिणारा हात]

आता लिहायचा तास. विषय साधा, घरातलं एक माणूस. ह्या पोरीचे वडील फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतायच्या कारखान्यात. तिची पहिली तीन वाक्यं अशी होती: ‘माय फादर इज वर्क इन फाउंड्री. ही इज व्हेरी हार्डवर्किंग. आय लव्ह माय फादर.’ पहिल्या वाक्यात चूक आहे, पण मॅडमनी तिला हात लावला नाही. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवायचा नाही हा ह्या वर्गाचा नियम आहे, कारण लाल रेघ दिसली की पोरं पुढचं लिहायचंच थांबवतात, येतं तेवढ्याच तीन वाक्यांत राहतात.

त्याऐवजी वही शेजारणीकडं जाते. शेजारणीनं चुका काढायच्या नाहीत, फक्त खाली प्रश्न लिहायचे, मराठीत लिहिले तरी चालतात. बघा काय लिहिलंय: ‘हार्डवर्किंग कशावरनं? घरी आल्यावर कसे दिसतात? तू काय बघतेस?’ पोरगी बराच वेळ पेन धरून नुसती बसली. आम्ही कॅमेरा चालू ठेवला. मग लिहिलं, एका दमात: ‘एव्हरी इव्हनिंग देअर इज ब्लॅक सँड इन हिज शर्ट पॉकेट.’

खिशातली काळी वाळू. हे कुठल्या गाइडमध्ये सापडणार?

त्याच्यानंतर दुसरा खर्डा. ‘व्हेरी हार्डवर्किंग’ तिनं स्वतःच काटलं, आता त्याची गरज नव्हती. वाळूचं वाक्य उचलून वर नेलं. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहेत हे दुसरं वाक्य झालं. मग मोठ्यानं वाचायचं, जिथं जीभ अडखळते तिथं पेन्सिलनं खूण करायची, आणि सगळ्यात शेवटी ‘इज वर्क’चं ‘वर्क्स’ झालं, मॅडमनी फक्त त्या शब्दाखाली रेघ मारली, दुरुस्त तिनंच केलं. तिला हा क्रम लगेच पटला, कारण फाउंड्रीत पण कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, साच्यातनं निघाला म्हणजे माल तयार झाला असं नसतं, फेटलिंग, म्हणजे कडेचा जादा धातू काढणं, बाकी असतं, मशिनिंग बाकी असतं, आणि पॉलिश शेवटी.

[दृश्य: सायन्सची लॅब, मग इंग्लिशचा भरलेला वर्ग]

ही दोन दृश्यं मुद्दाम एकापाठोपाठ दाखवतोय. लॅबमध्ये बॅच असते, प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं, मास्तर जवळ येऊन बघतात. कंपल्सरी इंग्लिशला मात्र शंभरच्या वर पोरं एका हॉलमध्ये. सर पुस्तकातला धडा मराठीत समजावून सांगतात, चांगला सांगतात, पण लिहितं कोण? सरांनी प्रत्येकाची वही दोनदा बघायची म्हटली तर झोपायचं कधी? दोष सरांचा नाही, तासाच्या मांडणीचा आहे.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, डिसेंबर 2022 ला जो आराखडा काढला, त्यात भाषेच्या ह्या कोर्सला एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, म्हणजे क्षमता वाढवायचा कोर्स, म्हटलंय आणि तीन वर्षांच्या डिग्रीत त्याला 8 क्रेडिट दिलेत. लेक्चर असेल तर एका क्रेडिटला 15 तास. प्रॅक्टिकल असेल तर 30. मग लिहायला शिकवणं हे लेक्चर कसं काय? उसाचा प्लॉट न बघता शेतीची डिग्री देत नाहीत. वाचन आणि लेखन हे प्रॅक्टिकल धरा, वीस-पंचवीसची बॅच करा, तास दुप्पट होतील आणि वही बघायला माणूस मिळेल. सध्या ह्या मॅडम हे सगळं शनिवारी दुपारी करतात, टाइमटेबलमध्ये जागाच नाही म्हणून, आणि एसटी चुकायला नको म्हणून अर्धी पोरं मधेच उठून जातात.

परीक्षेत काय फरक पडला ते एवढंच की ह्या बॅचच्या पोरांनी पत्राचा प्रश्न ऑप्शनला टाकला नाही, आणि दोघातिघांनी नोकरीचा अर्ज स्वतः लिहून पाठवला.

[दृश्य: फळा, पोरं विषय सुचवतायत]

पुढच्या सेमिस्टरला रिपोर्ट लिहायचाय. विषय पोरांनीच ठरवला, आपापल्या गावात नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं आणि कुठल्या गल्लीत पोचत नाही. महिनाभर नोंदी ठेवायच्या. इंग्लिश रिपोर्ट मॅडमकडं आणि त्याचीच मराठी प्रत ग्रामपंचायतीत, पोच घेऊन.